न सापडलेलं टोक

१

बाईंना दवाखान्याचा तिटकारा नव्हता, रिकामं बसण्याचा होता. आणि दवाखान्यात बसण्यावाचून दुसरं काम नसतं. सकाळी नऊपासून त्या एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर होत्या. अंगात कणकण, डोळे पिवळे, तोंड कडू, आणि शेजारी एकुलती एक लेक, जी दर पाच मिनिटांनी आईच्या कपाळाला हात लावून बघत होती.

"सारखा हात काय लावतेस? मी काय तापत ठेवलेलं दूध आहे?"

"बोलू नकोस. दम लागतो तुला," लेक म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि वर्गातला आवाज वर्गातच ठेवून घरी यायचं तिला कधी जमलं नव्हतं. आठ दिवसांची रजा टाकून आली होती आणि आल्यापासून आईला दुसरीतल्या पोरासारखं वागवत होती. बाईंना ते मनातून आवडत होतं, पण तोंडाने कबूल करायची सोय नव्हती.

दुखणं तसं चारचौघींना होतं तेच. पित्ताशयात खडे झालेले, त्यातला एक निसटून पित्ताच्या नळीत जाऊन बसलेला, त्यापायी कावीळ आणि ताप. सर्जन तरुण होते, पण तोंडदेखलं बोलणारे नव्हते. "उद्या सकाळी ऑपरेशन. आज छातीचा एक्स-रे, रक्त आणि एमआरआय. खडा नेमका कुठे अडकलाय ते बघितल्याशिवाय मी हात घालणार नाही, आणि फार थांबताही येणार नाही. तुंबलेल्या नळीतले जंतू रक्तात उतरले की माझ्या हातात काही राहत नाही," असं त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. लेकीनं ते सगळं वहीत उतरवून घेतलं होतं.

बाईंचा नंबर आला. पाठीला नाड्या असलेला दवाखान्याचा झगा, छातीला थंडगार पाटी, हनुवटी वर, खांदे पुढे. "श्वास घ्या. रोखा." भिंतीमागे काहीतरी गुरगुरलं. "सोडा."

एक्स-रेवाला आपल्या खोलीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मावशी, गळ्यात काही राहिलंय का? साखळी, हुक, पिन?"

"सगळं काढून लेकीकडे दिलंय."

"एक रेघ येतेय बघा. परत घेऊ."

परत घेतला. मग बाई झग्याच्या नाड्या सावरत त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे उभं राहायची परवानगी नव्हती, पण बावीस वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर वाकून बघण्याची सवय अशी थोडीच सुटते. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी होते, दोन्हींत त्यांच्याच बरगड्या. पहिल्यात उजव्या बाजूला, गळ्याजवळच्या हाडाखाली एक पांढरी रेघ होती, तांदळाच्या दाण्याहून बारीक. दुसऱ्यात तीच रेघ होती, पण चार बरगड्या खाली.

"प्लेटवरची धूळ," एक्स-रेवाला म्हणाला. "मशीन म्हातारं झालंय आता."

"धूळ खाली सरकते का?"

"धुळीला कसला आलाय नियम, मावशी?" तो हसला आणि त्यानं पुढचा नंबर पुकारला.

बाई हसल्या नाहीत. त्या रेघेची एक बाजू निमुळती होती आणि दुसरी तिरकी मोडलेली. ते अकरा नंबरच्या सुईचं टोक होतं, नेढ्याच्या किंचित खाली तुटलेलं. असल्या गोष्टीत बाईंची नजर चुकत नसे, कारण उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

२

कपड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात बाई सुयांच्या खोलीवर होत्या. सुयांना कसली आलीय खोली, असं कुणी म्हणेल. पण जिथे एका छताखाली अडीचशे मशिनं चालतात तिथे दिवसाला दहा-बारा सुया मोडतातच, आणि मोडक्या सुईचा तुकडा कपड्यात राहून गेला तर तो कपडा घालणाऱ्याच्या अंगात घुसतो. म्हणून तिथला नियम कडक. सुई मोडली की मशीन बंद, हात वर, आणि आजूबाजूच्या कुणी जागेवरून हलायचं नाही. मग बाई यायच्या, एका हातात काठीला बांधलेलं लोहचुंबक, दुसऱ्या हातात टॉर्च. दांडा, नेढं, टोक, सगळे तुकडे मिळाले की ते वहीच्या पानावर एकापुढे एक मांडायचे, सुई पुरी झाली का ते बघायचं, वरून चिकटपट्टी लावायची आणि खाली सही करायची. तेव्हा कुठे त्या मशीनला नवी सुई मिळायची.

एखादा तुकडा कमी पडला तर आसपासच्या दहा मशिनांवरचा माल खोक्यांत बंद व्हायचा. मग सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या, आणि बाया आपसात कुजबुजायच्या, 'आली सुईबाई, झाला खोळंबा.' बाईंना हे नाव ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानच होता. तुकडा नुसता चिमटीत धरून, न बघता, त्या सुईचा नंबर सांगायच्या.

आता बाकावर परत येऊन बसल्यावर त्यांनी शांत डोक्यानं विचार करायचा ठरवलं. बावीस वर्षांत बोटांना किती वेळा टोचलं असेल याची गणती नाही. एखादं टोक कातडीखाली राहून गेलं असेल, कळलंही नसेल. पण मग ते दोन फोटोंच्या मधल्या चार मिनिटांत चार बरगड्या कसं उतरलं? बाईंनी स्वतःलाच दटावलं. ताप एकशे दोन, दोन दिवस पोटात अन्न नाही. अशा माणसाला पडद्यावर काय दिसलं ते किती मनावर घ्यायचं?

"काय म्हणाला गं तो?" लेकीनं विचारलं.

"धूळ म्हणाला."

हे खोटं नव्हतं, म्हणून बाईंना ते सहज सांगता आलं.

३

एमआरआय तळघरात होता. लांबलचक गल्लीच्या शेवटी एक जाडजूड दार, दारावर लोहचुंबकाचं चित्र, आणि दाराशी एक टकलू, बोलघेवडा माणूस, एका हातात फॉर्म आणि दुसऱ्या हातात काळा दांडा. धातू जवळ आला की ओरडणारा दांडा. बाईंनी तो बघितल्याबरोबर ओळखला. कारखान्यात तयार कपडे ज्या डिटेक्टरमधून जायचे त्याचाच हा धाकटा भाऊ.

"पेसमेकर आहे का? हाडात पट्टी, स्क्रू? डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का कधी? लोखंडाचं काही काम करता?"

"सुयांचं," बाई म्हणाल्या.

त्याचं पेन थांबलं. "मग नीट तपासतो हं, मावशी. आतलं चुंबक कधीच बंद होत नाही, आत्ता या घटकेलाही चालू आहे. मागे कुणीतरी न विचारता लोखंडी खुर्ची आत नेली, तर ती उडत जाऊन यंत्राला चिकटली. चौघांना निघेना."

दांडा डोक्यावरून फिरला, खांद्यांवरून फिरला, छातीवरून फिरला. सगळं गप्प. उजव्या बरगड्यांच्या खाली आला आणि टूं करून ओरडला. टकलूनं तो झटकला, परत फिरवला. परत ओरडला.

"बॅटरी मरतुकडी आहे याची, कधी कधी उगाचच बोंबलतो," तो म्हणाला, पण फॉर्मवर सही करायला त्याचा हात धजेना. त्यानं वर फोन लावला.

मग पोटाचा एक्स-रे. या वेळी वेगळं यंत्र, वेगळी खोली, वेगळी मुलगी काम करणारी. धुळीचा प्रश्न नव्हता. रेघ आता पोटात उजवीकडे आडवी पडली होती.

सर्जन स्वतः आले आणि तिन्ही फोटो ओळीनं लावून बघत बसले. "सुईकाम करणाऱ्यांच्या हातात टोक घुसून राहतं. पुष्कळदा कळतही नाही. क्वचित ते अंगात फिरतंसुद्धा."

"तीन तासांत गळ्यापासून पोटापर्यंत?" लेकीनं विचारलं.

"नाही. इतकं नाही." त्यांनी कान खाजवला. "यातला एक तरी फोटो चुकीचा आहे. तीन वाजता सीटी स्कॅन करू, त्यात चुंबक नसतं. सापडलं तर मग काय करायचं ते बघू. नाही सापडलं तर लगेच एमआरआय. वेळ घालवण्यात अर्थ नाही, ताप चढतोय."

जाता जाता त्यांनी बाईंच्या खांद्यावर थोपटलं. बाईंना विचारावंसं वाटलं की यातला एकही फोटो चुकीचा नसेल तर? पण एवढ्या शिकलेल्या माणसाला कात्रीत पकडणं त्यांना बरं वाटलं नाही.

४

वॉर्डात खाटेवर आडवं केलं आणि बाईंना हुडहुडी भरली. दोन कांबळी घातली तरी दात वाजायचे थांबेनात. शेवटी लेक चपला काढून त्या अरुंद खाटेवर चढली आणि पाठीमागून आईला घट्ट धरून पडली. लहानपणी भीती वाटली की ती अशीच येऊन चिकटायची, तेव्हा मात्र बाईंना सकाळच्या पाळीची घाई असायची.

आणि आता बाईंना ते जाणवलं. दुखत नव्हतं. कापडातून दोरा ओढला जावा तसं काहीतरी पोटातून वर सरकत होतं. थांबायचं, परत सरकायचं. बरगड्यांपाशी आलं, काखेपाशी थबकलं. हा ताप आहे, बाईंनी स्वतःला बजावलं. तापात माणसाला काय काय वाटतं. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी घोरत होती, बाहेर गल्लीत ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं, खिडकीतून दुपारचं चांगलं लख्ख ऊन येत होतं. भिण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"चिमे," बाई म्हणाल्या, "मी एकदा एक लबाडी केली."

"झोप बघू आई."

"ऐक. परत सांगायचं धाडस होणार नाही."

लेकीनं उशीवरून मान थोडी उचलली.

"नऊ वर्षं झाली. तान्ह्या बाळांच्या झबल्यांचा माल चालला होता. एका मशीनवर अकरा नंबरची सुई मोडली. दांडा मिळाला, नेढं मिळालं, टोक मिळेना. तीन तास मी जमिनीवर रांगत होते. डिटेक्टर नेमका दुरुस्तीला गेलेला. गाडी दारात, सुपरवायझर डोक्यावर, आणि तुझे बाबा त्या आठवड्यात दवाखान्यात. मला पाचला निघायचं होतं. मी खोलीत गेले, एक जुनी सुई घेतली, पकडीनं तिचं टोक तोडलं. तिरकं, जसं हवं होतं तसं. पानावर लावलं. इतकं बेमालूम बसलं की मलाच क्षणभर खरं वाटलं. खाली सही केली आणि माल गेला."

"मग?"

"मग काही नाही. तक्रार आली नाही. मी अजून वाट बघतेय."

"म्हणजे कुणाला काही झालं नाही, आई."

"म्हणजे मला कळलं नाही. कुठलं तरी बाळ रडलं असेल, आणि का रडतंय ते त्याच्या आईला उमगलं नसेल. मी रोज हा विचार करते. तुझे बाबा गेले त्या दिवशीसुद्धा मी हाच विचार करत होते, त्यांचा नाही."

लेकीनं आईच्या केसांवर गाल टेकला. "बरं, आता मलाही कळलं. म्हणजे यातलं अर्धं माझं. आता गप पड." असं म्हणून तिनं पुढे हात घातला आणि आपली बोटं आईच्या बोटांत अडकवली.

काखेपाशी थांबलेलं ते हललं. दंडातून उतरलं, कोपरापाशी वळलं, मनगटाकडे निघालं. हात सोडवून घ्यावा, असं बाईंच्या मनात स्पष्ट आलं. पण लेकीच्या हाताला ऊब होती आणि बाईंना सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटत होतं. त्यांनी हात सोडवला नाही.

"स्स... आई, नख लागलं तुझं," लेक म्हणाली.

बाईंची हुडहुडी एकाएकी थांबली. अंग हलकं झालं आणि त्यांना गाढ झोप लागली.

५

सीटीच्या यंत्रातून बाईंना तीनदा आतबाहेर केलं. रेकॉर्ड केलेला एक बाईमाणसाचा आवाज श्वास घ्यायला सांगायचा, रोखायला सांगायचा, सोडायला सांगायचा. बाई शहाण्या मुलीसारख्या सगळं करत गेल्या. अंगात कुठेच काही सरकत नव्हतं.

सर्जन पडद्यासमोर बसून एकेक चित्र पुढे ढकलत होते. गळ्यापासून मांड्यांपर्यंत सगळं बघून त्यांनी खुर्ची मागे सारली. "काही नाही. खडे आहेत, सूज आहे, धातू नाही. सकाळच्या फोटोंचं काय झालं देव जाणे, पण तुमच्या अंगात सुई नाही. चला, एमआरआयला पळा."

लेकीनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की दारातली नर्स हसली. बाईंच्याही जिवात जीव आला. आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. चाकाच्या खुर्चीतून लिफ्टकडे जाताना पुरतं अर्धं मिनिट त्या नुसत्या सुखात होत्या, उद्या ऑपरेशन होणार, आठवड्यात घरी, लेकीच्या हातचं आयतं जेवण.

लिफ्टचं दार लागलं तेव्हा त्यांना नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायचं आपलंच बोलणं आठवलं. सापडलं नाही म्हणजे गेलं, असं समजायचं नाही. तुकडा हवेत विरत नाही. तो इथे नसेल तर दुसऱ्या कुणाकडे तरी आहे, आणि त्याला ते ठाऊक नाही.

दुसरं कोण जवळ होतं?

लेक लिफ्टच्या आरशात बघून केस सारखे करत होती. मध्येच तिनं उजव्या हाताचा तळवा डाव्या अंगठ्यानं चोळला.

"काय झालं गं हाताला?"

"काही नाही. मुंग्या आल्यात."

६

तळघरात टकलूनं बाईंवरून दांडा फिरवला. पायापासून डोक्यापर्यंत दांडा चूप. "बघा, सकाळी बॅटरीच होती," तो खुशीत म्हणाला.

लेक आईच्या झग्याची नाडी बांधायला वाकली. तिचा हात दांड्याजवळून गेला आणि दांडा ओरडला.

"ताई, घड्याळ आहे तुमच्या हातात."

तिनं घड्याळ काढलं. दांडा ओरडला. केसांतल्या पिना काढल्या, कानातलं काढलं. तरी दांडा ओरडतच राहिला. टकलूनं तो दुसऱ्या हातात घेऊन त्याच्या बुडावर दोन चापट्या मारल्या तेव्हा कुठे तो गप्प बसला. "बदलायलाच पाहिजे बॅटरी. आणि तुम्हाला कुठे आत जायचंय, ताई? नातेवाईक बाहेरच असतात."

"आधी हिला तपासा," बाई म्हणाल्या.

"हिला काय झालंय?"

"हिच्या उजव्या हाताचा एक्स-रे काढा. मग मी आत जाते."

टकलूनं लेकीकडे बघितलं, लेकीनं टकलूकडे. तापातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघून लोक एकमेकांना जी खूण करतात ती दोघांनी केली. बाईंनी ती पाहिली. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. पण हे सांगायचं तरी कसं? एक टोक नऊ वर्षांपूर्वी हरवलं, ते सकाळी माझ्या गळ्याशी होतं, दुपारी पोटात, आणि आता माझ्या लेकीच्या तळहातात आहे. त्यांच्या स्वतःच्याच कानाला ते वेड्यासारखं लागलं. कुणी कामावरची पोर असं काही सांगत आली असती तर बाईंनी तिला घरी पाठवली असती.

टकलूनं सर्जनना फोन लावून बाईंच्या कानाला दिला. "हे बघा," सर्जन म्हणाले, "तुमचं रक्त आत्ता माझ्या समोर आहे. जंतू वाढलेत. आजचा एमआरआय चुकला तर उद्याचं ऑपरेशन चुकेल, आणि परवाचं मी काही सांगू शकत नाही. तुमच्यामागे एक अपघाताची केस थांबली आहे. लेकीच्या हाताचं आपण नंतर बघू, मी शब्द देतो."

फॉर्म पुढे आला. 'माझ्या माहितीप्रमाणे धातूचा धोका नाही.' खाली रेघ, सहीसाठी.

"आई, सही कर ना," लेक म्हणाली. वर्गातला आवाज कुठल्या कुठे गेला होता, डोळे भरले होते. "बाबा गेले. आता तूच आहेस मला."

बाईंना जगायचं होतं. हे त्यांना त्या घटकेला फार स्वच्छ कळलं. लेकीसाठी जगायचं होतं असं म्हणता येईल, पण तेवढंच नव्हतं. त्यांना नुसतंच जगायचं होतं. नंतर बघू, डॉक्टरांनी शब्द दिलाय, बाहेरच तर बसणार आहे ती. पेन हातात आलं आणि हातानं आपलं ओळखीचं काम करून टाकलं.

७

आत थंडी होती. बाईंना पाटावर निजवलं, पोटावर जड पट्टा बांधला, कानांवर भलेमोठे हेडफोन बसवले आणि हातात रबरी फुगा दिला. "काही वाटलं तर हा दाबायचा. मी काचेपलीकडेच आहे," टकलू म्हणाला. जाड दार लागलं. पाट सरकत नळीत गेला.

यंत्र ठोकायला लागलं. बाईंनी हनुवटी छातीला लावून पायांकडे बघितलं. पावलांच्या पलीकडे खोलीचा एक तुकडा आणि दार दिसत होतं.

ठकठक चालू होती आणि बाई विचार करत होत्या. त्या वेळी निदान ते बाळ परकं होतं. कुठलं, कुणाचं, काही ठाऊक नव्हतं. म्हणून सही करता आली, असं त्या इतकी वर्षं स्वतःला समजावत आल्या होत्या. आणि आता? आता बाहेर बाकावर कोण बसलंय ते ठाऊक होतं, तिच्या कुठल्या हातात ते आहे तेही ठाऊक होतं. तरी सही झालीच की. बाईंना आपलीच अशी शरम वाटली की पोटातली कळसुद्धा विसरायला झालं. नको हा फोटो. आधी तिला वर नेऊ दे. ऑपरेशन चुकलं तर चुकलं.

त्यांनी फुगा दाबला.

ठोकणं थांबलं. कानांत टकलूचा आवाज आला. "काय झालं, मावशी?"

"बंद करा. लेकीला वर घेऊन जा, तिचा हात तपासा. माझं राहू दे. तिच्या हातात आहे ते."

"घाबरलात होय? होतं असं, पुष्कळांना आत कोंडल्यासारखं होतं. लेक हवीय का जवळ? एरवी कुणाला सोडत नाही, पण पाठवतो तिला. पायाशी उभी राहील, तुम्हाला बरं वाटेल."

"आत नको," बाई म्हणाल्या. "तिला आत आणू नका."

पण तो अजून बोलत होता, आणि तो बोलत असताना त्याला आतलं ऐकू जात नसे. एका वेळी एकालाच बोलता यायचं. "घड्याळबिड्याळ सगळं काढलंय त्यांनी, काळजी नको. पाच मिनिटांत उरकू." बाईंनी फुगा परत दाबला, परत परत दाबला. उठायला गेल्या तर पट्ट्यानं मागे खेचलं. "आल्या बघा, आल्या," आवाज लाडानं म्हणाला.

दार उघडलं. लेक अनवाणी होती, केस मोकळे, कान ओके. आईला धीर द्यायला म्हणून तिनं शाळेतलं हसू तोंडावर आणलं होतं.

"तिथेच थांब. हलू नकोस," बाई ओरडल्या. नळीत त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला.

लेकीनं उंबरा ओलांडला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिचा उजवा हात इतका वेळ अंगाशी लोंबकळत होता. तो वर आला. आधी तळवा वळला, मग मनगट, मग कोपर, आणि हात खांद्याइतका उंच होऊन यंत्राकडे ताठ उभा राहिला. लेक तोंडावरचं हसू तसंच ठेवून आपल्या हाताकडे बघत होती. तळव्याच्या मधोमध कातडी थोडी वर उचलली गेली होती.

"आई," ती म्हणाली, "हे कोण ओढतंय?"